हरिपूरच्या पेवांपासून माधवनगरपर्यंत: सांगली-मिरजेचा सायकल फेरा कसा आखावा

सांगली-मिरजेच्या जुन्या धंद्यांच्या खुणा बघत जाणारा हा फेरा साधारण ४० किलोमीटरचा. चढ नावालाच आहे, सगळी कृष्णाकाठची सपाट जमीन. तरी त्याला मध्यम म्हणायचं ते हायवेच्या साइडपट्टीमुळे, उसाच्या ट्रॉल्यांमुळे आणि एमआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, लोखंडी किसामुळे. रोज दहा-पंधरा किलोमीटर सायकल चालवणाऱ्याला थांब्यांसकट चार-साडेचार तास पुरतात.

बंद गिरण्यांची यादी करून त्या जोडत सुटलं, तर चौकाचौकातून घुसघुस करण्यातच सकाळ जाते. आधी एक गोष्ट विचारात घ्या: कुठला धंदा कुठे उभा राहिला आणि तिथेच का? हरिपूरला मातीमुळे हळद साठली. मिरजेला रुळांमुळे माल आला. माधवनगरची पेठ आणि तिथली कापड गिरणी सांगलीच्या वेशीला लागून, पण बुधगाव संस्थानाच्या हद्दीत वाढली. माती, रूळ आणि संस्थानी हद्द या तीन कारणांभोवती रस्ता बांधला की फेऱ्याला आपोआप आकार येतो.

नकाशावर जुना रूळ शोधणे

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. मिरजेहून सांगलीला १९०७ मध्ये मीटरगेजचा, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांचा, छोटा फाटा आला. पुणे-मिरज मुख्य मार्ग तेव्हा सांगली शहराला बगल देऊन माधवनगरवरून जायचा. १९७१ च्या सुमारास ब्रॉडगेज, म्हणजे जास्त रुंदीचे रूळ, झालं, मार्ग बदलला आणि आजचं सांगली स्टेशन मुख्य मार्गावर आलं. गावातलं जुनं स्टेशन गेलं. रेल्वे स्टेशन चौक हे नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिलं.

उपग्रह नकाशा उघडा आणि माधवनगर ते मिरज या पट्ट्यावर सावकाश फिरा. रेल्वे कधी काटकोनात वळत नाही. त्यामुळे शेतांच्या आणि प्लॉटांच्या चौकोनी रेषांमधून एखादी सलग, मंद वळणाची अरुंद पट्टी गेलेली दिसली की ती जुन्या रुळाची असण्याची शक्यता मोठी. कुठे तिचा रस्ता झालेला असतो, कुठे तिला टेकून घरांची रांग तिरकी बसलेली असते. ताळा करण्यासाठी सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने तक्ते किंवा १९५० च्या दशकातले अमेरिकी लष्कराचे नकाशे बघा. हे दुसरे इंटरनेटवर फुकट मिळतात. ते १:२,५०,००० प्रमाणाचे आहेत, म्हणजे नकाशावरच्या एका मिलिमीटरला जमिनीवर अडीचशे मीटर. दिशा कळण्यापुरतेच ते धरा, बोळ शोधायला उपयोगाचे नाहीत.

पट्टी सापडली म्हणून तिच्यावरूनच जायला हवं असं नाही. बराच भाग खासगी आहे. शेजारचा डांबरी रस्ता धरा आणि जिथे पट्टी रस्त्याला छेदते तिथे फोनच्या नकाशावर खूण करून ठेवा. तीन-चार खुणा पुरेत.

दिशा आणि वेळ

फेरा घड्याळाच्या उलट दिशेने घ्या: सांगली, हरिपूर, परत सांगली, अंकली, मिरज, कुपवाड, माधवनगर, सांगली. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे या दिशेने मोठी वळणं डावीकडेच येतात आणि समोरून येणारी वाहनं कापावी लागत नाहीत. थंडीत सकाळचं वारं बहुधा पूर्वेचं असतं, म्हणजे ताज्या पायांनी वाऱ्याला तोंड आणि परतताना पाठीशी वारं. तोटा एकच, मिरजेकडे जाताना ऊन डोळ्यांवर येतं. मागून येणाऱ्या चालकाच्याही डोळ्यांवर तेच ऊन असतं आणि त्याला आपण नीट दिसत नाही, तेव्हा टोपीचा पुढचा पट्टा आणि मागचा दिवा दोन्ही ठेवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम उत्तम, पण तोच उसाचाही. मार्चपासून आणखी लवकर निघून ऊन चढायच्या आत फेरा संपवावा लागतो. जुलै ते सप्टेंबर निघण्याआधी सांगलीत कृष्णेवर असलेल्या आयर्विन पुलाची पाणीपातळी बघा. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पातळी चढती असेल तर हरिपूर सोडून द्या. पूर ओसरल्यावरही रस्त्यावर गाळ राहतो. सुकला की नुसती धूळ, पण एक सर आली की त्याच्यावर टायर धरत नाही.

टप्पे

साडेसहाला गणपती मंदिराजवळून निघा. आयर्विन पूल १९२९ चा आहे, सुरुवातीला दोन मिनिटं तिथे जाऊन या.

हरिपूर चारेक किलोमीटर, रस्ता झाडीचा. कृष्णा-वारणेच्या संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे, पण इथे यायचं ते पेवांसाठी. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं हळदीचं कोठार: तोंड माणूस उतरेल एवढंच, आत पोट मोठं. इथली माती चिवट, बाजूने पाणी झिरपू देत नाही; हळद भरून तोंड बंद केलं की आतला प्राणवायू कमी होत जातो आणि कीड लागत नाही. सांगलीच्या हळदपेठेचा माल वर्षानुवर्षं असा जमिनीखाली राहिला. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि बहुतेक पेवं निकामी झाली. आता दिसतात ते रानातले गोल खळगे आणि कुठे तोंडावरचा दगड. त्या दगडांवर पाय देऊ नका, सायकल टेकवू नका. खालची माती पोकळ असते. उघड्या पेवात डोकावायलाही वाकू नका. आत प्राणवायू कमी असतो, म्हणून पेव उघडल्यावर हवा खेळू द्यायची आणि कंदील सोडून बघायचा, तो विझला तर उतरायचं नाही, ही रीतच होती. रान कुणाचं तरी आहे, विचारूनच बांधावर जा.

हरिपूरहून नदीकाठाने शेतरस्ते निघतात, पण काळ्या मातीत ओल असेल तर मडगार्ड आणि ब्रेक दहा मिनिटांत भरतात आणि चाक फिरायचं थांबतं. आल्या रस्त्याने सांगलीत परता आणि कोल्हापूर रस्त्याने अंकलीला जा, सात-आठ किलोमीटर. तिथून मिरजेपर्यंत हायवे. हा फेऱ्यातला सर्वांत रुक्ष भाग आहे, पण लांबचा नाही. एकामागे एक चाला, मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. उसाच्या जोड-ट्रॉलीला ओव्हरटेक करू नका: मागची ट्रॉली वळताना आत येते आणि बाहेर आलेला ऊस खांद्याच्या उंचीला असतो. सांडलेल्या उसावरून जावंच लागलं तर ब्रेक न दाबता, हँडल सरळ ठेवून जा.

मिरज स्टेशनला अर्धा तास ठेवा. एका काळी इथे ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ एकत्र होते. नॅरोगेज म्हणजे बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी. १९२७ मध्ये ती मिरजेला पोचली आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडचा माल इथे मोठ्या गाडीत चढू लागला. रुंदी वेगळी म्हणजे डबा पुढे जात नाही. पोतं न् पोतं उतरवून दुसऱ्या गाडीत भरायचं. स्टेशनभोवतीच्या मोकळ्या जागा आणि गोदामं बघताना हे डोक्यात ठेवा. नाश्ता इथेच करा, पुढे एमआयडीसीत सकाळी फारसं काही उघडं नसतं.

मिरज ते कुपवाड आठेक किलोमीटर. इथे पंक्चर होतं ते लेथच्या किसाने. स्प्रिंगसारखा वळलेला तुकडा टायरमध्ये हळूहळू आत जातो आणि हवा दोन-तीन किलोमीटरनंतर बसते. औद्योगिक वसाहत ओलांडली की थांबा आणि दोन्ही टायर हातमोजा घालून गोल पुसा. रूळ ओलांडताना चाक काटकोनात ठेवा.

कुपवाडहून माधवनगर पाचेक किलोमीटर. कापड गिरणी आणि पेठ रस्त्यावरूनच बघा. बंद आवारात शिरू नका. सिमेंटचे पत्रे वजन घेत नाहीत आणि जुन्या विहिरी झुडपात दिसत नाहीत. परतीला वसंतदादा साखर कारखान्याच्या बाजूला गळीत हंगामात ट्रॅक्टरांची रांग असते, तिथे उतरून चालणं परवडतं.

सामान

३२ ते ३५ मिलिमीटरचे टायर सर्वांत बरे. सत्तर किलोच्या माणसाला हवेचा दाब मागे ६० आणि पुढे ५५ पीएसआय. टायरवर छापलेल्या मर्यादेच्या वर जाऊ नका. दोन इंची एमटीबी टायर असेल तर ३५ ते ४०. ट्यूब दोन न्या: शेतरस्त्यावर बाभळीचा काटा, वसाहतीत किस. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढा, नाहीतर नवी ट्यूबही तिथेच जाते. टायर काढायचे दोन लिव्हर, पंप, पॅच आणि अॅलन की (षटकोनी पाना). पाणी दीड लिटर, मार्चनंतर अडीच. केळी आणि चिक्की. भडंग घरी आल्यावर, कारण तिखटाने पाणी लवकर संपतं.

मिरजेत पोचायला साडेनऊ वाजून गेले असतील तर कुपवाड-माधवनगर सोडा आणि विश्रामबागमार्गे सरळ सांगलीला या, दहाच किलोमीटर आहे. उरलेला भाग पुढच्या रविवारी सांगलीहून माधवनगर, कुपवाड असा वेगळा करता येतो. तो वीस किलोमीटरच्या आत बसतो.