डेलिया लावताय? या चुका टाळा

दिवाळीच्या आसपास फोन सुरू होतात. "काका, कंद लावून पंधरा दिवस झाले, कोंबच नाही." पाणी किती घातलं विचारलं की उत्तर ठरलेलं, रोज दोन वेळा.

कोंब फुटेपर्यंत कंदाला मुळं नसतात. पाणी प्यायला तोंडच नाही, मग ते जाणार कुठं? शिदोरी त्याच्या पोटातच असते. हे झाड मूळचं मेक्सिकोच्या डोंगराळ भागातलं, उतारावरचं. आपली काळी माती मात्र पाणी धरून बसते. जालन्यात पहिल्या वर्षी मी मळ्यातली माती तशीच कुंड्यांत भरली आणि पुण्याहून मागवलेले अठरा कंद लावले. परतीचा पाऊस आला, कुंड्या उघड्यावर. तिसऱ्या आठवड्यात उकरलं तर हाताला चिकट लगदा आणि सडक्या बटाट्याचा वास. दोनच वाचले, तेही गच्चीच्या पत्र्याखाली होते म्हणून. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तेव्हापासून बारा इंची कुंडी, तळाशी खापराचे तुकडे, एक पाटी पोयटा, एक पाटी चाळलेलं मुरलेलं शेणखत, एक पाटी बारीक मुरूम, मूठभर निंबोळी पेंड. हे मिश्रण आधी ओलसर करायचं, मग कंद लावायचा. कोंब दिसेपर्यंत तांब्याभरसुद्धा पाणी नाही. फारच सुकलं तर कडेकडेनं शिंपडायचं. आणि कृपा करून उकरून बघू नका, कोंब मोडतो. ज्याला पंधरा-वीस दिवस धीर निघत नाही, त्यानं झेंडू लावावा.

कंद जाडी बघून घेऊ नका. डोळा, म्हणजे कोंब फुटतो ती जागा, जुन्या खोडाच्या बुडाशी असतो, म्हणून मान मोडलेला कंद कितीही गुबगुबीत असो, उगवत नाही.

काठी कंदासोबतच रोवा. नंतर खुपसली तर थेट कंदात घुसते.

युरियानं झाड झटपट वाढतं हे खरं. पण खोड लुसलुशीत होतं आणि फूल मान टाकतं. कळी दिसली की मी नत्र बंद करतो, थोडं पोटॅश देतो.

आता कळ्या खुडण्याबद्दल. फांदीच्या टोकाला तीन कळ्या येतात. मधली ठेवायची, बाजूच्या दोन वाटाण्याएवढ्या झाल्या की काढायच्या, खालच्या पेऱ्यांतले फुटवेही. इथं लोकांचा हात धजत नाही. शेजारच्या ताईंनी एका झाडावर वीस-बावीस फुलं घेतली, सगळी वाटीएवढी. त्याच जातीची माझ्याकडे चारच होती, पण ताटलीएवढी. प्रदर्शनात फूल मोठं हवं असेल तर एवढं काळीज घट्ट करावंच लागतं. पॉमपॉन या चेंडूसारख्या फुलाच्या डेलियाचं मात्र उलटं. ते लहान आणि गोलच शोभतं, त्याला इतकं खुडू नका.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो प्रदर्शनाच्या सकाळी. एका मुलानं फार सुंदर फूल वाढवलं होतं. ते ऊन चढल्यावर कापलं, ओल्या कागदात गुंडाळलं आणि एसटीनं संभाजीनगरला आणलं. टेबलावर ठेवेपर्यंत मागच्या पाकळ्या लोंबल्या होत्या. पोराचे डोळे भरून आले. फूल आदल्या संध्याकाळी कापा, देठ पाण्याखाली धरून पुन्हा तिरपा कापा, आणि रात्रभर अंधाऱ्या खोलीत बादलीभर पाण्यात मानेपर्यंत बुडवून ठेवा. डेलियाची कळी कापल्यावर उमलत नाही, म्हणून पूर्ण उमललेलंच घ्या.

नोंदणीत गट नीट बघा. पाकळी मागे वळून नळीसारखी झाली असेल तर कॅक्टस, सपाट रुंद असेल तर डेकोरेटिव्ह. चुकीच्या गटात ठेवलेलं देखणं फूल बाद होताना मी पाहिलंय.

प्रदर्शन संपलं म्हणून कुंडी विसरू नका. पानं पिवळी पडली की पाणी तोडा, कंद काढून कोरड्या वाळूत, घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवा. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेले कंद खारकेसारखे सुकतात. आणि जातीच्या नावाची पट्टी आत्ताच बांधा, सप्टेंबरमध्ये सगळे कंद सारखेच दिसतात.