फ्लॉरेन्स कसं बघायचं: बांधकाम खात्यातल्या निवृत्त माणसाचा सल्ला

माझी लेक फ्लॉरेन्समध्ये नोकरीला आहे, त्यामुळे इटलीचं तिकीट काढलं की ओळखीतले लोक मला फोन करतात. प्रश्न ठरलेला असतो. "काका, एका दिवसात होतं का हो?" होतं की! टूरवाल्यांचं रोज होतं. बसमधून उतरायचं, मायकेलएंजेलोच्या डेव्हिड पुतळ्याच्या नकलेपुढे फोटो काढायचा, आईस्क्रीम खायचं आणि पिसाकडे पळायचं. तसंच करायचं असेल तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका. हाताशी निदान तीन रात्री असतील तर सांगतो.

आधीच सांगून टाकतो, मी कोल्हापूरचा, आणि उभा जन्म सार्वजनिक बांधकाम खात्यात गेला. चित्रांमधलं मला बेताचंच कळतं. पण हे गाव उभं कसं राहिलं ते बघायला लागलं की चित्रंही आपोआप नीट दिसायला लागतात, असा माझा अनुभव आहे.

पहिलं काम निघायच्या आधी घरी बसून करायचं. तीन ठिकाणांची वेळ आधी घेऊन ठेवा: कॅथेड्रलचा घुमट, अकादेमिया संग्रहालयातला अस्सल डेव्हिड आणि उफ्फीत्सी हे चित्रसंग्रहालय. घुमटाची तिकिटं सगळ्यांत आधी संपतात. अकादेमिया आणि उफ्फीत्सी सोमवारी बंद असतात, म्हणून शनिवार-रविवार-सोमवार असा बेत आखू नका. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात. ती रांग बघितली की पैसे देणं परवडलं असं वाटतं. रेल्वेने येणार असाल तर फिरेन्झे सांता मारिया नोव्हेल्ला या स्टेशनावरच उतरा. फिरेन्झे म्हणजेच फ्लॉरेन्स, पण त्याच नावाची कांपो दी मार्ते आणि रिफ्रेदी ही स्टेशनं गावाबाहेर पडतात. साध्या गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर तिकीट खिशात असूनही दंड होतो. भाड्याची मोटार जुन्या गावात अजिबात नेऊ नका. तिथे परवान्याशिवाय वाहनांना बंदी आहे, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी घरी येते.

पत्ता शोधताना एक गंमत ध्यानात ठेवा. या गावात घरांचे नंबर काळे किंवा निळे आणि दुकानांचे लाल, असे दोन वेगळे क्रम एकाच रस्त्यावर चालतात. लाल नंबराच्या पुढे 'आर' लिहितात. त्यामुळे काळा 20 आणि लाल 20 यांच्यामध्ये बरंच अंतर असू शकतं. हॉटेलवाल्याने पत्ता दिला तर नंबर कुठला ते विचारा.

आता घुमट. सकाळची पहिली वेळ घ्या. 463 पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, जिना अरुंद आहे. गुडघे कुरकुरत असतील किंवा कोंदट जागेची भीती असेल तर सरळ सोडून द्या. कॅथेड्रलमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, तेवढं उन्हाळ्यात सांभाळा.

चढायच्या आधी ही हकीकत डोक्यात असू द्या. कॅथेड्रलचं काम 1296 मध्ये सुरू झालं आणि मधल्या अष्टकोनावर घुमट चढवायची वेळ आली तेव्हा गावापुढे प्रश्न पडला. आतून सुमारे 45 मीटर रुंद भोक, तेही जमिनीपासून पन्नास मीटरच्या वर. एवढ्याला सेंटरिंग, म्हणजे काम पक्कं होईपर्यंत खालून लाकडी आधार, लावायचं तर लाकूड आणायचं कुठून? 1418 मध्ये स्पर्धा लावली. ब्रुनेलेस्की, धंद्याने सोनार, म्हणाला की सेंटरिंग लागणारच नाही. 1420 मध्ये काम सुरू झालं आणि 1436 मध्ये घुमट वरपर्यंत मिटला.

हे जमलं कसं, ते जिन्यातच दिसतं. घुमटाला एकात एक अशी दोन कवचं आहेत आणि आपण त्या दोहोंच्या मधून चढतो. वर जाल तशी बाहेरची भिंत डोक्यावर कलायला लागते. तिथे थांबून विटा बघा. आडव्या थरात ठरावीक अंतराने एकेक वीट उभी घातलेली आहे, आणि पुढच्या थरात ती थोडी सरकते, म्हणून माशाच्या काट्यासारखी तिरकी रेघ वर वर जाताना दिसते. कुठल्याही गवंड्याला विचारा, उतरत्या थरावर ओल्या चुन्यात ठेवलेली वीट घसरणारच. या उभ्या विटा दोन्ही बाजूंच्या आडव्या विटांना चिमट्यात धरतात, आणि पूर्ण कडं जुळेपर्यंत थर जागचा हलत नाही. कडं जुळलं की ते स्वतःच स्वतःला पेलतं. मागच्या रांगेतले लोक तुम्हाला पुढे ढकलतील, ढकलू देत. अर्धा मिनिट उभं राहून त्या विटांना हात न लावता बघाच.

मधल्या सज्जावरून आतलं 'अंतिम न्याया'चं प्रचंड भित्तिचित्र हाताच्या अंतरावर येतं. वासारीने 1572 मध्ये ते सुरू केलं, त्याच्या मृत्यूनंतर झुक्कारीने 1579 मध्ये पुरं केलं. नरकाचा भाग सगळ्यांत खाली, म्हणजे नेमका आपल्या डोळ्यांसमोर येतो. खाली आलात की कॅथेड्रलच्या मुख्य दाराच्या आतल्या बाजूचं घड्याळ चुकवू नका. पाओलो उच्चेल्लोने 1443 मध्ये रंगवलेलं, एकच काटा, चोवीस तासांचं आणि उलट्या दिशेने फिरणारं. त्यातला दिवस सूर्यास्ताला संपतो. बाहेर, इमारतीच्या मागच्या बाजूला फरसबंदीत एक गोल पांढरी संगमरवरी तबकडी आहे. घुमटाच्या टोकावरचा सोनेरी गोळा वीज पडून खाली कोसळला तो तिथे. लोक त्यावर सुटकेस टेकवून नकाशा बघत असतात.

त्याच तिकिटात कॅथेड्रलचं संग्रहालय येतं आणि गर्दी तिथे फिरकत नाही. बाप्तिस्मागृहाला लावलेली सोनेरी दारं ही नक्कल आहे. गिबर्तीने 1425 ते 1452 अशी सत्तावीस वर्षं घालून केलेली अस्सल दारं या संग्रहालयात काचेमागे आहेत. ब्रुनेलेस्कीच्या कामावरच्या कप्प्या आणि अवजारंही इथेच. माल वर चढवायला त्याने बैलांवर चालणारं यंत्र केलं होतं. त्यात अशी गिअरची सोय होती की बैल एकाच दिशेने फिरत राहायचे आणि ओझं हवं तसं वर किंवा खाली जायचं. बैल सोडा, फिरवा, पुन्हा जुंपा, ही कटकटच नाही.

डेव्हिडसाठी तासभर पुरे. 5.17 मीटर उंचीचा तो पुतळा ज्या दगडातून निघाला तो आधीच्या शिल्पकारांनी अर्धवट कोरून टाकून दिलेला होता आणि काही दशकं पावसात पडून होता. मायकेलएंजेलोने 1501 ते 1504 मध्ये त्यातून हे काढलं. मूळ बेत पुतळा कॅथेड्रलच्या वर, उंचावर बसवायचा होता, म्हणून डोकं आणि हात जरा मोठे वाटतात. उफ्फीत्सीत मात्र सगळं बघायचा हट्ट धरू नका. बोत्तिचेल्ली, लिओनार्दो, काराव्हाज्जो या चित्रकारांची तेवढी दालनं ठरवून करा आणि बाहेर पडा. ही दौलत गावात टिकली ती इथल्या जुन्या राज्यकर्त्या मेडिची घराण्याच्या शेवटच्या वारस बाईमुळे, आना मारिया लुइझामुळे. 1737 च्या करारात तिने अट घातली की घराण्याचा संग्रह फ्लॉरेन्सबाहेर जाणार नाही, आणि त्याच्या कारणांत परदेशी लोकांचं कुतूहल ओढून घेणं हेही लिहून ठेवलं. पर्यटन खातं निघायच्या कितीतरी आधी!

एक संध्याकाळ आर्नो नदीला द्या. व्हिया दे नेरी आणि व्हिया सान रेमिज्योच्या कोपऱ्यावर मान वर करून बघा. भिंतीवर महापुराच्या दोन खुणा आहेत, एक 1333 ची, दुसरी 1966 ची, आणि दोन्ही पूर आले तारीख 4 नोव्हेंबरलाच. 1966 ची खूण पावणेपाच मीटरच्याही वर आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी फुटा-इंचात पाठ असलेल्या कोल्हापूरकराला तिथे वेगळं काही सांगावं लागत नाही. 1333 च्या पुरात जुना पूल वाहून गेला, म्हणून 1345 मध्ये आजचा पोन्ते वेक्किओ उभा राहिला. कमानी अर्धगोल न करता चपट्या केल्या, त्यामुळे नदीत खांब कमी आले आणि पाण्याला वाट मोठी मिळाली. वर आधी खाटकांची दुकानं होती, 1593 मध्ये त्यांना उठवून सोनार बसवले. ऑगस्ट 1944 मध्ये माघार घेताना जर्मनांनी गावातले बाकीचे सगळे पूल उडवले, हा एक ठेवला. शेजारचा सांता त्रिनिता पूल मात्र नदीतून काढलेले जुने दगड वापरून पुन्हा उभा केलाय, आणि मला विचाराल तर देखणा तोच.

खाण्याचं थोडक्यात. इथल्या पावात मीठ नसतं, तो असाच करतात, तक्रार करू नका. शाकाहारी असाल तर रिबोल्लीता, म्हणजे पाव, घेवड्याच्या बिया आणि पालेभाजीचं दाट सूप, किंवा पाप्पा आल पोमोदोरो, म्हणजे पाव आणि टोमॅटोचं दाट सूप, मागवा, पण आत मांसाचं पाणी घातलंय का ते विचारून घ्या. गाड्यांवर लाम्प्रेदोत्तो मिळतं, ते गायीचं पोट आहे, माहिती असू द्या. कॉफी काउंटरला उभ्यानेच प्यावी, खुर्चीत बसलात की दर चढतो. सिन्योरिया चौकात नळावर थंड पाणी फुकट मिळतं, बाटली जवळ ठेवा.

आणि मराठी माणसाने एक सकाळ कासिने बागेला द्यायचीच. ट्रामची टी-1 लाइन पकडून कासिनेला उतरा आणि आर्नोच्या काठाने पश्चिमेकडे चालत सुटा. मंगळवार असेल तर वाटेत मोठा आठवडी बाजार लागेल. बागेच्या अगदी शेवटी, मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते तिथे, एक भारतीय घाटाची छत्री आहे आणि तिच्याखाली फेटा बांधलेल्या तरुणाचा अर्धपुतळा. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. 1870 मध्ये ते इंग्लंडला गेले आणि परतीच्या वाटेवर 30 नोव्हेंबरला या गावात वारले. वय अवघं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. उघड्यावर दहन ही तिथल्या लोकांनी कधी न बघितलेली गोष्ट. खास परवानगी काढून दोन नद्यांच्या संगमावर अग्नी दिला, आणि 1874 मध्ये तिथे हे स्मारक झालं. छत्रीचा आराखडा मेजर मँटचा, म्हणजे ज्याने पुढे आपला कोल्हापूरचा न्यू पॅलेस आखला त्याचाच. स्थानिक लोक या जागेला नुसतं 'इंदियानो' म्हणतात. कुणालाही विचारा, वाट दाखवतील.

शेजारीच 1978 चा केबलवरचा पूल आहे, त्याचंही नाव याच पुतळ्यावरून पडलंय. वरून मोटारी धावतात आणि पादचाऱ्यांची वाट पुलाच्या पोटाखाली टांगलेली आहे. त्या वाटेने पलीकडे जा, दुसऱ्या काठाने इसोलोत्तोच्या पादचारी पुलापर्यंत परत या, म्हणजे बाग आणि ट्राम दोन्ही जवळ पडतात. उन्हाळ्यात हे सगळं अकराच्या आत उरका. त्या टोकाला सावली कमी आहे.