डॉक्टर, कॉलेज आणि स्टार्टअप एकत्र येऊनही उपकरण का अडतं? या चुका टाळा

वैद्यकीय उपकरणाची गरज जाणवते वॉर्डात, प्रोटोटाइप म्हणजे पहिला नमुना बनतो इंजिनिअरिंग कॉलेजात आणि तो बाजारात नेते एखादी छोटी कंपनी. आयआयटी मुंबईत २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'बेटिक' या वैद्यकीय उपकरणांच्या केंद्राने पुण्याच्या सीओईपी आणि नागपूरच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थांना जोडून घेतलं आणि डॉक्टर-अभियंत्यांना एकत्र कामाला लावलं. असे प्रयत्न आणखी व्हायला हवेत. पण सुरुवातीचे प्रकल्प तंत्रज्ञानापेक्षा आपसातल्या न बोललेल्या गोष्टींमुळेच जास्त रखडतात, असं माझं ठाम मत आहे.

सामंजस्य करार झाला म्हणजे काम सुरू झालं, असं समजू नका. त्यावर सह्या असतात डीन आणि संचालकांच्या. रुग्णांची माहिती कोण देणार, सुटा भाग कोण विकत आणणार, हे त्यात नसतं. प्रत्येक संस्थेतून एक जबाबदार माणूस ठरवा, आणि त्याच्या जागी कोण हेही. सरकारी रुग्णालयात डॉक्टरांची बदली होते आणि प्रकल्प तिथेच थांबतो.

सगळ्यात महागात पडते ती पेटंटची चूक. "दोघांच्या नावावर करू" म्हणून विषय मिटवला जातो. पेटंट कायदा, १९७० चं कलम ५० वाचा. वेगळा करार नसेल तर सहमालकांचा वाटा समान असतो. प्रत्येक जण दुसऱ्याला हिशेब न देता शोध वापरू शकतो, पण इतरांच्या संमतीशिवाय परवाना देऊ शकत नाही की आपला वाटा विकू शकत नाही. म्हणजे गुंतवणूकदार दारात उभा आणि कॉलेजची फाइल समितीत अडकलेली! परवाना कोण देणार, रॉयल्टी कशी वाटायची, हे अर्जाआधीच लिहून घ्या. अर्ज होऊन गेला असेल तरी पुरवणी करार करता येतो. तो गुंतवणूकदार येण्याआधी करा.

त्यातच विद्यार्थी उत्साहाने परिषदेत पोस्टर लावतात. अर्जाआधी शोध असा जाहीर झाला, तर पेटंटच धोक्यात येतं. भारतात ठरावीक प्रसंगांत जाहीर केल्यावरही अर्ज करायला १२ महिन्यांची सवलत आहे, युरोपात ती जवळपास नाहीच. आधी प्रोव्हिजनल म्हणजे प्राथमिक अर्ज भरा, पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. शैक्षणिक संस्था आणि स्टार्टअप यांना शुल्कात ८० टक्के सवलतही आहे.

आता पैशाचं. बायरॅक या जैवतंत्रज्ञान उद्योगाला मदत करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं 'बिग' अनुदान ५० लाख रुपयांपर्यंत, १८ महिन्यांसाठी असतं आणि टप्प्याटप्प्याने मिळतं. रुग्णांवरची चाचणी हा टप्पा लिहिलात आणि अशा चाचणीला परवानगी देणाऱ्या रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीकडे अर्ज मात्र प्रोटोटाइप झाल्यावर केलात, तर पुढचा हप्ता अडतो. पगार थांबतात, चांगली मुलं सोडून जातात. या कमिटीच्या बैठका कधी असतात ते विचारून मगच टप्प्यांच्या तारखा टाका. उपकरण धोक्यानुसार ठरलेल्या कोणत्या वर्गात मोडतं तेही आधीच पाहा: २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार 'ए' आणि 'बी' वर्गाचा उत्पादन परवाना राज्याकडून मिळतो, 'सी' आणि 'डी'चा केंद्राकडून.

आणि नर्सना विचारा. बैठकीला सर्जन येतात, पण उपकरण पुसणं, निर्जंतुक करणं, चार्जिंगला लावणं नर्स आणि तंत्रज्ञांच्याच वाट्याला येतं. डिझाइन पक्कं करण्याआधी परवानगी घेऊन रात्रपाळीच्या सिस्टरांसोबत वॉर्डात बसा आणि प्रोटोटाइप त्यांच्या हातात द्या.