तटस्थ अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा: उत्तर लिहिताना या चुका टाळा

'अमेरिका पहिल्या महायुद्धात का आणि कशी उतरली?' हा प्रश्न दिसला की मुलं खूश होतात. लुसिटानिया, झिमरमनची तार, राष्ट्राध्यक्ष विल्सनचे चौदा मुद्दे, झालं उत्तर. स्पर्धा परीक्षेच्या मुलांचे सरावपेपर मी बरीच वर्षं तपासतोय. बहुतेक उत्तरांत अमेरिका दोन वाक्यांत युद्धात उतरते आणि तिसऱ्या वाक्यात जर्मनी शरण येते. मधलं दीड वर्ष कुणी लिहीतच नाही, आणि प्रश्नातला 'कशी' हा शब्द तर त्या दीड वर्षाबद्दलच आहे. एप्रिल १९१७ मध्ये या देशाच्या नियमित सैन्यात जेमतेम सव्वा लाख माणसं होती. नोव्हेंबर १९१८ पर्यंत एकट्या फ्रान्समध्ये त्याचे सुमारे २० लाख सैनिक पोचले होते. ते कुठून आले, कुणी निवडले, त्यांना खायला काय दिलं, पैसा कुणी दिला, हे आलं की उत्तरात जीव येतो.

लुसिटानिया बुडाली आणि अमेरिकेनं युद्ध पुकारलं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते. लुसिटानिया ही ब्रिटिश प्रवासी बोट जर्मन पाणबुडीनं बुडवली ती ७ मे १९१५ रोजी. तिच्यावर १२८ अमेरिकन माणसं मेली. अमेरिकेनं युद्ध पुकारलं ६ एप्रिल १९१७ रोजी. मध्ये जवळपास २३ महिने गेले, आणि त्या काळात विल्सन 'यांनी आपल्याला युद्धापासून दूर ठेवलं' या प्रचारावर १९१६ ची निवडणूक जिंकले. लुसिटानियानंतर युद्ध झालं नाही, निषेधाचे खलिते गेले. ते फार कडक आहेत म्हणून परराष्ट्रमंत्री ब्रायन यांनी राजीनामा दिला. मे १९१६ मध्ये जर्मनीनं पूर्वसूचनेशिवाय व्यापारी जहाजं बुडवणार नाही असा शब्द दिला आणि प्रकरण थंडावलं.

तो शब्द १ फेब्रुवारी १९१७ ला मोडला. उत्तराची सुरुवात इथून करा आणि पुढच्या तारखा ओळीनं मांडा. ३ फेब्रुवारीला अमेरिकेनं राजनैतिक संबंध तोडले. १ मार्चला झिमरमनची तार वर्तमानपत्रांत छापून आली. मेक्सिकोनं जर्मनीची साथ दिली तर टेक्सास, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना परत मिळवायला मदत करू, असं जर्मन परराष्ट्रमंत्र्यानं त्यात कळवलं होतं. बरेच जण तार खोटी म्हणत होते, पण दोनच दिवसांनी झिमरमननं स्वतःच ती आपली असल्याचं कबूल केलं. मार्चच्या मध्याला अमेरिकन जहाजं एकामागोमाग बुडायला लागली. त्याच सुमारास रशियात झारनं गादी सोडली. लोकशाहीसाठी लढतो म्हणताना झारच्या मांडीला मांडी लावून बसायचं, ही विल्सन यांची अडचण त्यामुळे आपोआप दूर झाली.

या साखळीतली एक पायरी जवळपास प्रत्येक जण गाळतो. ती म्हणजे सशस्त्र तटस्थता. व्यापारी जहाजांवर तोफा बसवायची परवानगी विल्सन यांनी फेब्रुवारीच्या अखेरीस काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, मागितली. सेनेट या तिच्या वरच्या सभागृहातल्या मूठभर सभासदांनी भाषणांवर भाषणं करून ते विधेयक अधिवेशन संपेपर्यंत रोखून धरलं. मग विल्सन यांनी स्वतःच्या अधिकारात तोफा बसवल्या. तटस्थ आणि युद्धमान यांच्या मधली ही पायरी उत्तरात आली की तपासणाऱ्याला कळतं, मुलाला घटनाक्रम खरंच समजलाय.

आणि 'विल्सननं युद्ध पुकारलं' असं लिहू नका. अमेरिकेच्या राज्यघटनेनं तो अधिकार काँग्रेसला दिला आहे. विल्सन यांनी २ एप्रिलला भाषण करून मागणी केली. सेनेटमध्ये ८२ विरुद्ध ६ आणि प्रतिनिधिगृहात ३७३ विरुद्ध ५० मतं पडली. विरोधातल्या पन्नासांत मोंटानाच्या जेनेट रँकिन होत्या, काँग्रेसवर निवडून आलेली पहिली स्त्री. इतक्या मोठ्या निर्णयाला ५६ जण 'नाही' म्हणाले, हे लिहायला एक ओळ पुरते.

तटस्थ म्हणजे दोघांपासून सारखंच लांब

कागदावर तसंच होतं, बाजारात नव्हतं. ब्रिटनच्या आरमारानं जर्मनीची नाकेबंदी केली होती. त्यामुळे अमेरिकेचा माल आपोआप एकाच बाजूला जात राहिला. कर्जांचंही तेच झालं. युद्धात उतरेपर्यंत मित्रराष्ट्रांना दोनशे कोटींहून अधिक डॉलर मिळाले होते, जर्मनीला तीन कोटींच्याही आत.

एवढं बरीच मुलं लिहितात आणि 'म्हणजे सावकारांनी युद्धात ओढलं' असा निष्कर्ष काढून मोकळी होतात. हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. कर्ज हे एक कारण होतं. पण जर्मनीनं पाणबुड्या मोकाट सोडल्या नसत्या, तर विल्सन यांना काँग्रेसपुढे उभं राहायला आधारच नव्हता. त्या व्यापाराचा खरा परिणाम दुसरीकडे शोधा. ब्रिटननं तटस्थ अमेरिकेतल्या रेमिंग्टन, विंचेस्टरसारख्या कारखान्यांत आपल्या एनफिल्ड रायफली बनवून घेतल्या होत्या. १९१७ मध्ये अमेरिकेकडे स्वतःच्या स्प्रिंगफिल्ड रायफली पुरेशा नव्हत्या. तेव्हा त्याच कारखान्यांत तीच रायफल अमेरिकन काडतुसासाठी थोडी बदलून बनवायला घेतली. फ्रान्समधल्या बहुसंख्य अमेरिकन शिपायांच्या हातात हीच रायफल होती. म्हणजे युद्धाच्या तयारीचा एक पाया तटस्थतेच्याच काळात घातला गेला होता. असं एक उदाहरण दिलं की 'आर्थिक हितसंबंध' हा गुळगुळीत शब्द वापरायची गरजच पडत नाही.

देशभक्तीच्या लाटेत तरुण स्वेच्छेनं भरती झाले

भरती झाले, पण पुरेसे नाही. १८ मे १९१७ ला सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला. युद्धाच्या अखेरीपर्यंत सुमारे २८ लाख माणसं या कायद्यानं सैन्यात घेतली गेली. सैन्यातला मोठा हिस्सा त्यांचाच होता.

इथे थोडं थांबून लिहा, कारण ही यंत्रणा विलक्षण होती. अमेरिकेच्या यादवी युद्धात सक्तीची भरती झाली तेव्हा पैसे मोजून बदली माणूस देता येत असे, आणि न्यूयॉर्कमध्ये दंगली पेटल्या होत्या. या वेळी बदली माणूस बंद. घरोघर जाऊन नावं गोळा करणारे लष्करी अधिकारीही नाहीत. देशभर साडेचार हजारांहून अधिक स्थानिक मंडळं नेमली गेली आणि त्यांत गावातलीच ओळखीची नागरी माणसं बसवली. कुणाला बोलवायचं, कुणाच्या घरी खाणारी तोंडं आहेत म्हणून सूट द्यायची, हे तीच ठरवणार. वॉशिंग्टननं हुकूम काढला, पण दार वाजवलं ते शेजाऱ्यानं. म्हणून हा कायदा पचला, आणि म्हणूनच जिथे शेजारी दुष्ट होता तिथे तो जाचकही झाला.

५ जून १९१७ या एकाच दिवशी २१ ते ३० वयाच्या नव्वद लाखांहून अधिक पुरुषांनी नाव नोंदवलं. त्या नोंदणीपत्रांची छायाचित्रं आज पाहायला मिळतात. जरूर पाहा. छोटंसं कार्ड, त्यावर बारा प्रश्न: नाव, वय, जन्मस्थान, धंदा, कुणाकडे कामाला, कोण अवलंबून, सूट मागता का. आणि खाली डाव्या कोपऱ्यात बारीक टाइपात सूचना, की व्यक्ती आफ्रिकी वंशाची असेल तर हा कोपरा फाडावा. गठ्ठ्यात हात घातला की काळ्या माणसाचं कार्ड बोटांनाच कळायचं. साडेतीन लाखांहून अधिक काळे पुरुष असे निवडले गेले, वेगळ्या तुकड्यांत ठेवले गेले, आणि बहुतेकांना बंदुकीऐवजी फावडं मिळालं. 'वांशिक भेदभाव होता' असं लिहिण्यापेक्षा तो फाटलेला कोपरा लिहा.

मग २० जुलैला सोडत निघाली. काचेच्या मोठ्या भांड्यात क्रमांकांच्या बंद पुड्या होत्या. युद्धमंत्री न्यूटन बेकर यांच्या डोळ्यांना पट्टी बांधली, त्यांनी हात घालून पहिला क्रमांक काढला, २५८. प्रत्येक मंडळाच्या यादीत ज्याचा क्रमांक २५८, त्याला पहिलं बोलावणं. सोडत मध्यरात्र उलटून गेल्यावर संपली.

रेशनकार्ड, पोस्टरं, आणि दुसऱ्या महायुद्धाची सरमिसळ

दंडाचा स्नायू दाखवणारी कामगार स्त्री, रेशनची पुस्तकं, पर्ल हार्बर हे सगळं दुसऱ्या महायुद्धातलं. बोट रोखून 'तू मला सैन्यात हवास' म्हणणारा अंकल सॅम मात्र १९१७ चा. पोस्टरं पाहून उत्तर लिहिणाऱ्यांनी एवढं पाठच करावं.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेनं घराघरात रेशनिंग आणलं नाही. अन्नप्रशासन हर्बर्ट हूव्हर यांच्याकडे होतं आणि त्यांचा भर स्वेच्छेवर होता. आठवड्यातला एखादा दिवस मांसाशिवाय, एखादा गव्हाशिवाय, स्वयंपाकघराच्या खिडकीत शपथेचं कार्ड. सक्ती दुसऱ्या टोकाला होती. गिरण्या आणि घाऊक व्यापाऱ्यांना परवाने लागत, आणि गव्हाला बुशेलमागे (बुशेल हे धान्याचं माप) २ डॉलर २० सेंटचा भाव बांधून दिल्यामुळे शेतकऱ्यानं आपणहून जास्त पेरलं. गृहिणीला आवाहन, व्यापाऱ्याला परवाना, शेतकऱ्याला हमीभाव. 'अन्नबचतीची मोहीम राबवली' या वाक्यात यातलं काहीच येत नाही.

सगळं शिस्तीत, ठरल्याप्रमाणे झालं

उलट १९१७–१८ च्या हिवाळ्यात गाडं रुतलं होतं. माल पूर्वेच्या बंदरांकडे निघाला, तिथे उतरवून घ्यायला जहाजं नाहीत. जहाजं होती तिथे कोळसा नाही. कोळसा खाणीतून निघाला तर रेल्वेमार्गावर भरलेले वाघिणींचे तांडे अडकलेले. डिसेंबरच्या अखेरीस सरकारनं रेल्वे स्वतःकडे घेतली. जानेवारीत इंधनप्रशासक हॅरी गारफिल्ड यांनी मिसिसिपीच्या पूर्वेकडचे बहुतेक कारखाने पाच दिवस बंद ठेवायला लावले, जहाजांना कोळसा मिळावा म्हणून. ऐन युद्धात कारखाने बंद! लोक खवळले, पण जहाजं हलली.

शस्त्रांचीही तीच गत. अमेरिकन तोफखान्याच्या बहुतेक तोफा फ्रेंच होत्या, वैमानिकांची विमानंही बहुतांशी फ्रेंच. सैनिक नेणाऱ्या जहाजांत निम्म्याच्या आसपास वाटा ब्रिटिश जहाजांचा. 'अमेरिकेच्या औद्योगिक ताकदीनं युद्ध जिंकलं' हे वाक्य १९४४ ला शोभतं. १९१८ मध्ये तिनं मुख्यतः माणसं, पैसा, अन्न आणि कच्चा माल दिला.

विरोधी आवाजांचं काय झालं, तेही इथेच लिहा. १९१७ चा हेरगिरीविरोधी कायदा आणि १९१८ चा राजद्रोहाचा कायदा बोलणाऱ्यांवर चालवले गेले. समाजवादी नेते यूजीन डेब्ज यांना ओहायोतल्या एका भाषणासाठी दहा वर्षांची शिक्षा झाली. १९२० मध्ये ते तुरुंगातूनच अध्यक्षपदाची निवडणूक लढले आणि नऊ लाखांहून अधिक मतं मिळवली.

छोट्या चुका, ज्यांचे गुण हमखास जातात

अमेरिका मित्रराष्ट्रांची औपचारिक सदस्य झाली नाही. विल्सन यांनी 'सहयोगी सत्ता' हाच शब्द धरून ठेवला. ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारलं ते डिसेंबर १९१७ मध्ये. तुर्कस्तान आणि बल्गेरियाविरुद्ध पुकारलंच नाही. विल्सन यांचे शांततेसाठीचे चौदा मुद्दे ८ जानेवारी १९१८ चे आहेत, तेव्हा ते युद्धात उतरण्याचं कारण म्हणून लिहिता येत नाहीत. आणि बिलियन म्हणजे अब्ज, दशलक्ष नव्हे. युद्धकर्जरोख्यांतून सुमारे २१ अब्ज डॉलर उभे राहिले. एका उत्तरात मी ते २१ दशलक्ष झालेले पाहिले. युद्ध हजारपट स्वस्त झालं होतं.

याचा आपल्याशी काही संबंध नव्हता

हे वाचलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण संबंध थेट आपल्या खिशापर्यंत पोचतो. युद्धासाठी हिंदुस्थानातून धान्य, ताग, कातडी अशी प्रचंड खरेदी चालू होती आणि मोबदला रुपयात द्यावा लागे. रुपया चांदीचा. नोट घेऊन गेलं की चांदीचा रुपया मिळेल, हा सरकारचा शब्द. चांदी महागली आणि आटली. नोव्हेंबर १९१७ मध्ये सरकारनं एक रुपयाची कागदी नोट काढली, ती याच टंचाईमुळे. १९१८ च्या वसंतात जर्मन चढाईच्या बातम्या आल्या आणि लोक नोटा बदलून चांदी मागायला लागले. रुपयांचा साठा तळाला गेला.

तेव्हा युद्धात उतरून एक वर्ष झालेल्या अमेरिकेनं एप्रिल १९१८ मध्ये पिटमन कायदा केला. तिच्या तिजोरीतले सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले गेले. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनमार्फत हिंदुस्थानला आली आणि मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळींत तिचे रुपये पडले. घरातल्या जुन्या डब्यात, देवघरात किंवा आजीच्या गाठोड्यात १९१८ चा पंचम जॉर्जचा रुपया असेल तर तो हातात घेऊन बघा. मागच्या बाजूला खालच्या कमळाजवळ बारीक ठिपका असला, तर तो मुंबईच्या टांकसाळीतला.