रेडवुडचे महावृक्ष कसे शोधावेत आणि कॅमेऱ्यात कसे टिपावेत

सॅन फ्रान्सिस्कोला आलेले पाहुणे रेडवुड, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतची उंचच उंच झाडं, पाहायला म्यूर वुड्स या जंगलातच जातात, कारण ते जवळ आहे. जंगल देखणं आहे, पण पार्किंगचं आरक्षण लागतं आणि वाटांवर गर्दी असते. निवांत फोटो काढायचे असतील तर मुक्कामाच्या तयारीने उत्तरेला, ओरेगॉनच्या सीमेजवळ, जेडेडाया स्मिथ पार्क गाठा. राहायला क्रेसंट सिटी सोयीचं.

१. नदीकाठ धरा. भव्य रेडवुड डोंगरमाथ्यावर शोधू नका. ते वाढतात नदीकाठच्या सपाटीवर, पुराच्या गाळात. स्मिथ नदीकाठची स्टाउट ग्रोव्ह ही फोटोसाठी माझी सर्वांत आवडती जागा आहे. पुरामुळे इथे झाडांखाली झुडपं फारशी माजत नाहीत, त्यामुळे खोड थेट बुंध्यापर्यंत मोकळं दिसतं. फेरी जेमतेम ८०० मीटरची आहे. हाउलंड हिल रोडने जा. रस्ता बराचसा कच्चा आणि अरुंद आहे, मोठं वाहन नेऊ नका. त्याच रस्त्यावर ग्रोव्ह ऑफ टायटन्स ही महावृक्षांची राई आहे. तिथे आता जमिनीपासून उचललेली फळ्यांची वाट केली आहे, कारण आडवाटेने शिरणाऱ्यांच्या पायांखाली मुळं आणि नेचे तुडवले जात होते.

२. विक्रमी झाडामागे लागू नका. २००६ मध्ये सापडलेला हायपेरियन सुमारे ११६ मीटर उंच, जगातलं सर्वांत उंच ज्ञात झाड. २०२२ पासून तिथे जायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. रेडवुडची मुळं खोल जात नाहीत, उथळ राहून दूरवर पसरतात. माती दाबली गेली की झाडाला थेट इजा होते. शिवाय एवढी उंची खालून कळतच नाही.

३. धुक्याची सकाळ निवडा. भर उन्हात जमिनीवर पांढरे-काळे ठिपके पडतात आणि कोणताही कॅमेरा तो फरक पेलू शकत नाही. उन्हाळ्यात पॅसिफिकवरून धुकं आत येतं, तेव्हा साल तांबूस आणि नेचे गर्द हिरवे उठून दिसतात. आकाश स्वच्छ निघालं तर दुपार कलल्यावर या. तिरपी किरणं खोडांमधून आत शिरतात.

४. आता फोटो. इथे बहुतेकांचं चुकतं ते एकाच गोष्टीत: अख्खं झाड एका चौकटीत बसवायचा हट्ट. कॅमेरा वर वळवला की खोडं मागे कलतात, शेंडा पांढऱ्या आकाशात विरतो आणि महावृक्ष काडीसारखा दिसतो. शेंडा सोडून द्या. कॅमेरा सरळ धरून बुंधा घ्या आणि लाल किंवा पिवळं जॅकेट घातलेला माणूस वाटेवरच, झाडाच्या शेजारी उभा करा. बघणाऱ्याला आकार आपोआप उमगतो. वाइड लेन्सपेक्षा थोडं लांबून, मध्यम लेन्सने काढलेल्या फोटोत मागची खोडं जवळ येतात आणि जंगल दाट वाटतं. उंची दाखवायचीच असेल तर कॅमेरा उभा फिरवत पॅनोरमा जोडा.

प्रकाश कमी असतो, म्हणून ट्रायपॉड हवाच. त्याचे पाय वाटेबाहेर टेकवू नका. पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायचा फिल्टर, ओल्या पानांवरची चमक काढतो, पण प्रकाशही खातो, तेव्हा शटर मंद ठेवावं लागेल. मोबाइल असेल तर सालीवर बोट ठेवून फोकस लॉक करा आणि उजळपणा किंचित उतरवा. ड्रोन घरीच ठेवा, उडवायला बंदी आहे. आणि खिशात कोरडं मऊ कापड असू द्या: धुक्यात लेन्सवर दव सतत जमतं.