'न्यूरोमॅन्सर' पहिल्यांदा वाचताना

विल्यम गिब्सन यांची १९८४ सालची ही कादंबरी मी दोनदा अर्ध्यावर सोडली होती. चूक एकच. प्रत्येक शब्द कळल्याशिवाय मी पुढे सरकत नव्हते. गिब्सन काहीच समजावून सांगत नाहीत. त्या जगातल्या माणसांना जे ठाऊक आहे ते आपल्यालाही आहे, असं धरूनच ते लिहितात.

आधी कथेचा सांगाडा डोक्यात ठेवा. केस हा हॅकर. मालकांकडेच चोरी केली, म्हणून त्यांनी बुरशीच्या विषाने त्याची मज्जासंस्था बिघडवली, आता त्याला सायबरस्पेसमध्ये, म्हणजे संगणकांच्या जाळ्यातल्या आभासी जगात, शिरता येत नाही. आर्मिटेज नावाचा माणूस त्याला बरं करतो, बदल्यात काम सांगतो. पुढची गोष्ट दरोड्याची आहे: टोळी जमवायची, सामान मिळवायचं, आत घुसायचं.

मग पहिली दोन प्रकरणं एका बैठकीत वाचा. शब्द अडला तरी उठू नका. पण चित्र अडलं तर जरूर थांबा. पहिल्याच वाक्यात बंदरावरच्या आकाशाला बंद चॅनलवर लावलेल्या टीव्हीचा रंग आहे. तेव्हा अशा पडद्यावर मुंग्या यायच्या, म्हणजे आकाश करडं. नंतरच्या टीव्हींचा कोरा निळा पडदा डोळ्यांपुढे आणलात तर ते चक्क निरभ्र होऊन बसतं!

खरी कसोटी 'सिमस्टिम'ची, म्हणजे दुसऱ्याच्या संवेदना अनुभवायच्या तंत्राची. यात केस टोळीतल्या मॉलीच्या डोळ्यांनी बघतो, तिचा पाय मोडला की कळ त्यालाही जाणवते. तो एका परिच्छेदात सायबरस्पेसमध्ये, तर पुढच्यात तिच्या शरीरात असतो. अशी प्रत्येक उडी दिसली की समासात पेन्सिलीने रेघ मारा. माझं तिसरं वाचन या रेघांमुळेच तडीस गेलं.

एका चिठ्ठीवर पात्रांची नावं लिहा आणि समोर प्रत्येकाला काय हवंय तेही. उत्तरार्धात ओळखीचा माणूस भलत्याच ठिकाणी बोलताना दिसला, तर त्याच्या तोंडून कोण बोलतंय ते आधी तपासा.

कथा जागा बदलत जाते: जपानमधलं चिबा, अमेरिकेतलं स्प्रॉल हे महानगर, इस्तंबूल आणि मग पृथ्वीच्या कक्षेतली वसाहत. जागा बदलली की दिवसभर पुस्तक बाजूला ठेवलं तरी चालेल.

संपल्यावर पहिलं प्रकरण पुन्हा उघडा. चिबातल्या बारमध्ये बारवाल्या रात्झचा मळकट गुलाबी प्लास्टिकमधला यांत्रिक हात मगकडे वळतो. त्या हाताची कुरकुर आता नीट ऐकू येईल.