इदाल्गोचं सोन्याचं नाणं खरं की खोटं, घरच्या घरी कसं तपासायचं

मेक्सिकोची इदाल्गो नाणी घेताय ना, मग नाण्यावरचा इदाल्गोंचा चेहरा नंतर बघा, आधी काटा काढा, 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा, आणि सोबत एक व्हर्नियर, म्हणजे व्यास मोजायची सरकती पट्टी. मिगेल इदाल्गो म्हणजे ज्यांनी 1810 मध्ये दोलोरेस गावातून स्पेनविरुद्ध उठावाची हाक दिली ते पाद्री, पुढच्याच वर्षी त्यांना गोळ्या घालून मारलं. अशा माणसाच्या नावाने बनावट माल खपवतात याचा मला खरंच राग येतो.

पेसो म्हणजे मेक्सिकोचं चलन. 10 पेसोचं नाणं 8.33 ग्रॅम, व्यास 22.5 मिमी. 5 पेसो 4.17 ग्रॅम, 19 मिमी. अडीच पेसो 2.08 ग्रॅम, 15.5 मिमी. सोनं 90 टक्के, बाकी तांबं, म्हणून थोडी लालसर झाक दिसली तर घाबरू नका. 1905 च्या कायद्याने एक पेसो म्हणजे 0.75 ग्रॅम शुद्ध सोनं ठरलं होतं, त्यामुळे पेसोला 0.75 ने गुणलं की आत सोनं किती ते लगेच कळतं, 10 पेसोत साडेसात ग्रॅम.

वजन आणि व्यास जुळले तरी थांबू नका, नाणं जाड करून वजन जुळवता येतं. काट्यावर पाण्याचा कप ठेवा, टेअर (आकडा शून्यावर आणणारं बटण) दाबा, नाणं बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू द्यायचं नाही. 10 पेसोला काटा साधारण 0.48 ग्रॅम दाखवेल, आत पितळ असेल तर आकडा जवळजवळ दुप्पट होतो. ही टेस्ट मला चुंबकापेक्षा शंभरपट भरवशाची वाटते कारण पितळ आणि तांबं पण चुंबकाला चिकटत नाहीत.

आता साल. 10 पेसोवर 1959, 5 वर 1955, अडीचवर 1945 असेल तर टांकसाळीने ती सालं तशीच ठेवून नंतरही नाणी पाडलीत, त्यामुळे कोणी "जुनं आहे, रेअर आहे" म्हणून जास्त मागत असेल तर सरळ सोन्याचाच भाव लावा. 50 पेसोच्या सेंतेनारियोवर 1947 असलं तरी हेच, फक्त त्यावर इदाल्गो नाहीत, हातात तुटलेली साखळी घेतलेली पंखवाली विजयदेवी आहे, स्वातंत्र्याच्या शंभरीला 1921 मध्ये काढलेलं, 41.67 ग्रॅम.

लॉकेटची कडी डाग देऊन लावलेली असेल तर वजनात ती धरूच नका. आणि पॉलिश अजिबात करायचं नाही, कडेला धरायचं, पीव्हीसी प्लास्टिक नसलेल्या कॅप्सूलमध्ये ठेवायचं.